पुलापलीकडचा भागीदार

ओल्ड सेलम
२७ जानेवारी २०२२

प्रिय ऑर्लीन,

परवाना मंडळाचं पत्र काल आलं. माझा अर्ज परत. घाऊक दारूविक्रीच्या लायसन्सवर ज्याचं नाव चढवायचं, तो माणूस सलग दहा वर्षं तुमच्या राज्यात राहिलेला असायला हवा म्हणे. आणि मी गेली एकोणचाळीस वर्षं ओहायो नदीच्या चुकीच्या काठावर राहतोय. खाली सही कुणाची ते वाचता येत नाही, पण शिक्का चांगला ठसठशीत आहे.

अगं, मी काय अलास्कात राहतो का? पुलावरून गाडीने सात मिनिटं. पुढे ट्रक असला तर अकरा. आमच्या पोर्चवर उभं राहिलं की तुझ्या गोदामाचं छप्पर दिसतं. मागच्या वादळात त्याचा पत्रा उडाला तेव्हा तुला पहिला फोन मीच केला होता. माझे दात तुमच्या बेल्स लँडिंगचा डॉक्टर काढतो. डॅडींच्या थडग्यावरचं गवत मी कापतो. एवढं करून मी परका.

थँक्सगिव्हिंगला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, माझं वय एकाहत्तर, गुडघे गेले, मूलबाळ नाही, ड्युएन, तू फर्ममध्ये भागीदार म्हणून ये. तुला माहीत आहे, खिडक्यांचा कारखाना बंद झाल्यापासून मी चौदा महिने घरी बसून आहे. नॅडीनची फडताळं मी दोनदा नव्याने लावून झाली. तिसऱ्यांदा हात लावलास तर बघ, असं ती म्हणाली. त्या दिवशी तुझं बोलणं ऐकून मला काय वाटलं ते सांगत नाही, तू हसशील. डॅडींच्या फर्ममध्ये परत जायचं, मरायच्या आधी एकदा तरी, एवढंच मला हवंय.

तू घाऊक विक्रेत्यांच्या संघटनेची अध्यक्ष आहेस. मंडळातले लोक तुला वचकून असतात. एक शब्द टाक ना. हिवाळ्यात फ्लोरिडाला गेलीस की तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय.

तुझा,
ड्युएन

•

हेरन पॉइंट, फ्लोरिडा
५ फेब्रुवारी २०२२

प्रिय ड्युएन,

फोन उचलत नाही कारण फोनवर माणूस काहीही बोलून जातो आणि मग समोरचा ते धरून बसतो. पत्राचं बरं असतं.

तुझं वाचून वाईट वाटलं. पण कायदा तो कायदा. मी शब्द टाकायचा म्हणजे काय करायचं? संघटनेची अध्यक्षच जर स्वतःच्या भावासाठी नियम वाकवायला लागली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि नियम काही वेडगळ नाहीये. दारूचा धंदा म्हणजे मोज्यांचा धंदा नव्हे. विकणारा माणूस गावातला हवा, रविवारी चर्चमध्ये त्याच्या मानेकडे बघता यायला हवं. पोरं पिऊन गाड्या ठोकायला लागली तर त्याला लाज वाटायला हवी. बाहेरच्याला कसली लाज? हे मी दरवर्षी संघटनेच्या जेवणाला बोलते आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. तू कधी ऐकलं नाहीस, कारण तुला बोलावता येत नाही.

माझ्या मनात काही नाही हे तुला माहीत आहे. कायदा नसता तर मी त्याच टेबलावर, जेवणाच्या बशा उचलायच्या आधी सही केली असती.

आणि एक सांगू? कागदांना तू फार भितोस. फॉर्म हा डोकं वापरून भरायचा असतो. माझंच बघ. इथे गल्लीत आपल्याकडचे आम्ही तिघं घाऊकवाले. क्लेटस बॉगेस तर माझ्यापासून तीन घरं सोडून. नऊ वर्षांपूर्वी इथल्या कचेरीतल्या मुलीने आमच्यापुढे कागद ठेवला: हे घर हेच माझं कायमचं राहण्याचं ठिकाण, अशी शपथ घ्यायची, की घरपट्टी खाली येते आणि उत्पन्नावर राज्याचा कर मुळीच नाही. आम्ही तिघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. बॉगेस तर मग सगळ्यांना कोळंबी खायला घेऊन गेला. असं असतं. तू मात्र मंडळाच्या एका शिक्क्याने गळपटलास.

गुडघा बरा आहे. इथे सकाळी खिडक्या उघड्या टाकून बसते. नॅडीनला सांग, फडताळं तुला लावू दे, हात तरी हलतील.

ऑर्लीन

•

ओल्ड सेलम
१६ मार्च २०२२

प्रिय ऑर्लीन,

तुझ्या पत्राने फार धीर आला. "कायदा नसता तर सही केली असती," हे वाक्य मी नॅडीनला दोनदा वाचून दाखवलं. अडचण तू नाहीस, कायदा आहे. मग मी म्हटलं, चला, कायद्याकडे बघू.

मिस कॅडेल नावाची एक वकील आहे, वयाने नॅडीनच्या भाचीएवढी, बोलायला लागली की थांबत नाही. तिने मला जे सांगितलं ते मी समजलं तसं लिहितो. राज्यघटनेप्रमाणे एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याला केवळ तो बाहेरचा म्हणून अडवायचं नाही. तुमचं मंडळ म्हणणार, दारूची गोष्ट वेगळी, दारूबंदी उठवली तेव्हाच्या दुरुस्तीने दारूचं सगळं राज्यांच्या हाती दिलंय. मिस कॅडेल म्हणते, दिलं ते लोकांच्या जिवासाठी दिलं, जवळच्यांची दुकानं सांभाळायला नाही दिलं. किरकोळ दुकानांच्या बाबतीत असलाच नियम सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांपूर्वी मोडीत काढलाय. घाऊकवाल्यांचं काय, एवढाच प्रश्न उरलाय.

तिने मला विचारलं, तुमच्या बहिणीकडची बिअर तुम्ही ट्रकमध्ये चढवलीत तर प्यायलेला माणूस जास्त झिंगतो का? मी म्हटलं, माझा खांदा दुखतो, बाकी काही फरक पडत नसावा. ती म्हणाली, झालं, हीच आपली केस.

तर काल आम्ही फेडरल कोर्टात दावा लावला. तुझ्यावर नाही, मंडळावर. तुझ्या वाटेतला धोंडा मी उचलतोय असं समज. खूश हो.

तुझा,
ड्युएन

•

हेरन पॉइंट
२४ मार्च २०२२

ड्युएन,

खूश हो? मी सकाळी आपल्याकडचा पेपर उघडला तर तिथे आपलं आडनाव. "रॅटलिफ विरुद्ध परवाना मंडळ." बॉगेस तो पेपर घेऊन माझ्या दारात आला, तोंडात अजून टोस्ट होता. मला म्हणतो, हे तुमचेच ना?

कायदा नसता तर, असं मी म्हटलं. कायदा आहे म्हणून म्हटलं. पाऊस नसता तर आलो असतो, असं माणूस म्हणतो, म्हणून कुणी जाऊन आभाळ पुसत बसतं का?

तुला कळतंय का, तू कशाला हात घातलास? हा नियम गेला की टेक्सासच्या त्या बड्या कंपन्या दुसऱ्या दिवशी पुलावर उभ्या राहतील. चाळीस वर्षं आम्ही त्यांना अडवून धरलंय. माझ्याकडे बावीस माणसं कामाला आहेत. ओपल गेली सव्वीस वर्षं माझा ट्रक चालवते. तिला टेक्सासवाले विचारणार आहेत का, गुडघा कसा आहे म्हणून?

संघटना या दाव्यात मंडळाच्या बाजूने उभी राहते आहे. ठराव एकमताने झाला. खाली अध्यक्ष म्हणून माझी सही आहे. मनाला लावून घेऊ नकोस, धंद्याची गोष्ट आहे. माझं प्रतिज्ञापत्रही जातंय. त्यात लिहिलंय की घाऊक विक्रेता हा आपल्या मातीत राहणारा, आपल्या लोकांना रोज तोंड दाखवणारा असतो, आणि मी त्याचं जितंजागतं उदाहरण आहे.

दावा मागे घे. इस्टरला हॅम घेऊन येईन.

ऑर्लीन

•

ओल्ड सेलम
९ नोव्हेंबर २०२२

प्रिय ऑर्लीन,

आठ महिने झाले. इस्टरला तू आली नाहीस, चार जुलैला आली नाहीस. गोदामाचं छप्पर मात्र दिसतं.

आता नीट ऐक. कोर्टाने दोन्ही बाजूंना हुकूम दिलाय, या विषयावरचे सगळे कागद एकमेकांना दाखवा. मिस कॅडेल मला म्हणाली, बहिणीशी पत्रव्यवहार असला तर तोही. मी म्हटलं, आहे थोडा. मग घरी येऊन बुटांचा खोका काढला आणि तुझं पाच फेब्रुवारीचं पत्र पुन्हा वाचलं.

तेव्हा मी त्यातलं एकच वाक्य वाचलं होतं, सहीचं. बाकीचं आत्ता वाचलं. नऊ वर्षं, ऑर्लीन? शपथेवर? कायमचं ठिकाण? आणि वर ते जितंजागतं उदाहरण?

मिस कॅडेलला मी अजून काही बोललेलो नाही. हे पत्र बाहेर पडलं तर मंडळ तुझं लायसन्स काढून घेईल, कारण त्याच नियमात लिहिलंय की मालक राज्यात राहत असायला हवा. लायसन्स गेलं की फर्म गेली. मग मी भागीदार कशाचा होणार, रिकाम्या गोदामाचा? आणि नाही दिलं तर मी कोर्टाशी खोटं बोललो. मुदत एक डिसेंबर. काय करू ते सांग.

हे पत्रही त्यांना द्यावं लागणार आहे. जजसाहेब, नमस्कार.

ड्युएन

•

बेल्स लँडिंग
१७ नोव्हेंबर २०२२

माझ्या प्रिय बंधू,

तुझे पत्र मला इथे, बेल्स लँडिंग येथील माझ्या कायमच्या घरी मिळाले. मी खिडकीशी बसले आहे. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू आहे आणि शेगडीत लाकडे तडतडत आहेत. आपल्या राज्यातील हिवाळा मला नेहमीच प्रिय आहे. तो सोडून मी कुठे जाऊ?

मागे एका पत्रात मी काही गमतीच्या गोष्टी लिहिल्या होत्या असे तू म्हणतोस. मला विनोदाची आवड आहे, हे आपल्या कुटुंबात सर्वांना ठाऊक आहे. वृद्ध स्त्रीच्या विनोदाचा विपर्यास कोणी करणार नाही अशी मला आशा आहे.

कायद्याबद्दल मला नितांत आदर आहे. त्याहून अधिक न्यायाधीशांबद्दल.

तुझी स्नेहांकित भगिनी,
ऑर्लीन मे रॅटलिफ

•

ओल्ड सेलम
२६ नोव्हेंबर २०२२

प्रिय ऑर्लीन,

पाकिटावर हेरन पॉइंटचा छाप आहे. आत वाळू निघाली. सतरा तारखेला इथे एवढं ऊन होतं की नॅडीनने बाहेर अंगणात मांस भाजलं आणि शेजारचा गंजी घालून आला.

मी पत्र दिलं. सगळी दिली, फेब्रुवारीचंही आणि तुझं ते बर्फाचंही. आठ दिवस विचार केला. खोका जाळून टाकावा असंही मनात आलं, मग विचार आला की जाळलं तर कोर्टात हात वर करून काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे येतं, पण चेहरा साथ देत नाही. मिस कॅडेल पत्र वाचून आधी हसली, मग मला म्हणाली, बाहेर जाऊन कॉफी पिऊन या.

परवा थँक्सगिव्हिंग झालं. आम्ही दोघंच होतो. टर्कीऐवजी कोंबडी केली, तीही उरली. नॅडीन म्हणाली, तू बहिणीला विकलंस. मी म्हटलं, मी फक्त पत्र दिलं, विकलं ते तिने स्वतःच. ती म्हणाली, असं म्हणून तुला झोप लागते का? मी उरलेली कोंबडी झाकून ठेवली.

चुकलो असेन तर चुकलो. मला माफ कर.

ड्युएन

•

बेल्स लँडिंग
(खरोखरचं. गोदामावरचं ऑफिस.)
३० जानेवारी २०२३

ड्युएन,

माफी नंतर बघू. आधी काय काय झालं ते ऐक, कारण ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मंडळाची नोटीस आली: राज्यात राहता हे तीस दिवसांत सिद्ध करा, नाहीतर लायसन्स रद्द. सिद्ध काय करणार, कपाळ? माझं गाडीचं लायसन्ससुद्धा फ्लोरिडाचं आहे, त्यावर संत्र्यांचं चित्र आहे.

संघटनेने मला काढलं. नवा अध्यक्ष कोण, ओळख. क्लेटस बॉगेस. तीन घरं सोडून. त्याने डिसेंबरात ते घर रातोरात बायकोच्या नावावर केलं, तिला एकटीला फ्लोरिडाची रहिवासी ठरवलं आणि स्वतः इथे एक खोली घेतली, म्हणजे चाळीस वर्षांच्या संसारानंतर कागदावर दोघांचा काडीमोडच झाला. वार्षिक जेवणात त्याने माझं भाषण केलं. माझंच. चर्च, मान, लाज, सगळं. एक शब्द बदलला नाही. मागच्या टेबलावर बसून मी ते ऐकलं, मला वाटलं आता तरी कुणी हसेल. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारच्या बाईने मला उठायची खूण केली.

माझा वकील म्हणतो, आता मार्ग एकच. तो नियमच घटनाबाह्य ठरला तर माझं लायसन्स वाचेल; निकाल लागेपर्यंत मंडळाने नोटीस थांबवली आहे. म्हणून मी शुक्रवारी कोर्टात अर्ज दिला. तुझ्या बाजूने. अर्जात लिहिलंय की माणूस कुठे राहतो यावरून तो दारू कशी विकतो हे ठरत नाही, आणि मी त्याचं जितंजागतं उदाहरण आहे. वाक्य जुनंच वापरलं, वकिलाने म्हटलं चालेल.

तर मिस कॅडेलला सांग, नीट काम कर. माझी बावीस माणसं तिच्या जिभेवर बसली आहेत. ओपल रोज सकाळी विचारते, आज काय म्हणालं कोर्ट?

तुझ्यावर मी अजून चिडलेली आहे. फार.

ऑर्लीन

•

ओल्ड सेलम
२२ मे २०२३

प्रिय ऑर्लीन,

जिंकलो. आपण दोघं जिंकलो, असं लिहिताना मजा वाटते.

निकाल एकेचाळीस पानांचा आहे. मिस कॅडेलने मला सत्ताविसावं पान उघडून दिलं. जजने लिहिलंय: या नियमाची सर्वांत निष्ठावंत राखणदार स्वतः नऊ वर्षं दुसऱ्या राज्याची कायम रहिवासी होती, आणि त्या नऊ वर्षांत राज्यातील जनतेच्या नीतिमत्तेला त्यामुळे कोणतीही इजा झाल्याचा पुरावा मंडळाने सादर केलेला नाही. नॅडीनने ते पान फ्रिजवर लावलंय. तुझ्या बर्फाच्या पत्राचाही तळटिपेत उल्लेख आहे, त्या दिवशीच्या तापमानासकट.

मंडळाने अपील करायचं नाही असं ठरवलं. बॉगेस म्हणे फार रडला.

आता मधे कोणी नाही, ऑर्लीन. भागीदारीचा फॉर्म सोबत जोडलाय. माझी सही केली आहे. तुझी जागा पेन्सिलने फुली करून दाखवलीय. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलंय. सोमवारपासून येऊ का? मी नवे बूट घेतलेत, पुढे लोखंड असलेले.

तुझा,
ड्युएन

•

बेल्स लँडिंग
११ जून २०२३

ड्युएन,

फॉर्म परत पाठवते आहे. सही नाही.

तीन आठवडे तो टेबलावर होता. ओपलने त्यावर एकदा कॉफीचा कप ठेवला, डाग पडलाय, माफ कर. आता खरं सांगते, नाहीतर या वयात तेही राहून जायचं.

थँक्सगिव्हिंगला मी तुला भागीदार हो म्हटलं, कारण तू होऊ शकणार नाहीस हे मला माहीत होतं. याआधी दोनदा म्हटलं होतं, तुझ्या लक्षातही नसेल. मोठं मन दाखवायचं आणि नाही म्हणायचं काम कायद्यावर सोडायचं, असं माझं चाललं होतं. तू अर्ज करशील असं मला वाटलं नव्हतं. कोर्टात जाशील असं तर बापजन्मात वाटलं नसतं.

तुला १९८५ ची गोष्ट माहीत नाही. डॅडींना पहिला झटका आला होता, उजवा हात गेला होता. मंडळाचा माणूस लायसन्सवर दुसरं नाव घालायला घरी आला. मी अकरा वर्षं फर्ममध्ये होते. हिशेब माझे, ट्रकच्या फेऱ्या माझ्या, डॅडी खोकत असायचे तेव्हा क्रेट उचलायला मी. डॅडींनी डाव्या हाताने तुझं नाव लिहायला घेतलं. माणूस म्हणाला, मुलगा नदीपलीकडे राहतो, चालणार नाही. डॅडी बराच वेळ पेन धरून बसले. मी कॉफीचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते, हाताच्या अंतरावर. आणि ते त्या माणसाला म्हणाले,

"दुसरं कोणीच नाही का?"

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मग डॅडींनीही बघितलं. जणू मी आत्ताच खोलीत आले होते.

या नियमामुळे मला फर्म मिळाली, ड्युएन. माझ्या अकरा वर्षांमुळे नाही. तू नॅडीनच्या मागे पुलापलीकडे गेलास म्हणून. दरवर्षी ते भाषण करताना मी चर्चबद्दल बोलत होते असं तुला वाटत असेल. मी त्या नियमाचे पाय धरत होते. तो एकटाच होता ज्याने माझ्या बाजूने कौल दिला.

आता नियम नाही. आणि तू नवे बूट घालून सोमवारी यायचं म्हणतोस, आणि मला पुन्हा त्या खोलीत उभं असल्यासारखं वाटतंय. मला रडू आलं, लिहिते स्पष्ट. ऑफिसात दार लावून रडले.

मंडळाला विचारलंस, कोर्टाला विचारलंस. मला विचारलं नाहीस. पेन्सिलने फुली करून दिलीस.

ऑर्लीन

•

ओल्ड सेलम
२५ जून २०२३

प्रिय ऑर्लीन,

नॅडीनने तुझं पत्र वाचलं आणि मला म्हणाली, तू इतकी वर्षं तिच्या कॉफीच्या ट्रेसमोरून गेलास. बरोबर बोलली.

तुला एक माहीत नसेल. मी नॅडीनसाठी पलीकडे गेलो नाही, ती यायला तयार होती. मी डॅडींपासून पळालो. ते मला सकाळी सहाला उठवून सांगायचे, हे सगळं तुझं आहे, आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. मला ते नको होतं. तुला हवं होतं हे मला दिसत होतं आणि मी एक शब्द बोललो नाही, कारण बोललो असतो तर डॅडींनी माझ्यावर आरडाओरडा केला असता. मी भित्रा होतो. म्हातारपणी तेच आपल्याला हवंसं वाटायला लागतं, हा काय प्रकार आहे मला कळत नाही.

विचारतो. आधीच विचारायला हवं होतं. कायदा नाही, कोर्ट नाही, डॅडी नाहीत.

तू मला भागीदार करून घेशील का?

नाही म्हणालीस तरी थडग्यावरचं गवत मीच कापणार.

ड्युएन

•

बेल्स लँडिंग
३ जुलै २०२३

प्रिय ड्युएन,

नाही.

लिहून बघितलं, मग मोठ्याने म्हणून बघितलं. ओपल खालून ओरडली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, भावाला नाही म्हणतेय. ती म्हणाली, मग एवढं हसताय कशाला?

फर्म माझी आहे आणि माझीच राहणार. माझ्यानंतर अर्धी ओपलची, तसे कागद कालच केले. पण तू घरी बसू नकोस. स्वतःचं लायसन्स काढ. आता तुला कोणी अडवू शकत नाही, एकेचाळीस पानांचा निकाल आहे तुझ्याकडे. छोट्या द्राक्षमळ्यांच्या वाइन आणि तुमच्याकडची ती कडू बिअर, जी मी कधी ठेवत नाही, तिच्यापासून सुरुवात कर. मालाला शीतगृह लागेल, ते स्वस्तातलं घेऊ नकोस, पहिल्याच उन्हाळ्यात बोंब होईल. काही अडलं तर विचार, सांगेन. खोटं सांगणार नाही, सगळंही सांगणार नाही.

डॅडींनी आपल्याला कधी एका रेषेवर उभं केलं नाही. तुला सगळं फुकट द्यायला निघाले आणि मला चुकून दिलं. मी बरी व्यापारी आहे की नुसती या काठावर राहिलेली बाई आहे, हे मला आजवर कळलेलं नाही, कारण माझ्या विरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. टेक्सासवाल्यांना मी भीत नाही, त्यांची लायकी मला ठाऊक आहे. तू उभा राहा. आणि दया दाखवू नकोस, मला कळेल.

पुलाशेजारचा बारवाला टिचनर माहीत आहे ना? तुझा शाळेतला दोस्त. तुझं पहिलं गिऱ्हाईक तोच असणार, असं मी धरून चालले होते, म्हणून काल त्याच्याकडे जाऊन आले. दोन वर्षं माल माझ्याकडूनच घ्यायचा, असा करार केला. कामाला लाग.

ऑर्लीन